डब्यातला फझ: एका जर्मेनियम पेडलच्या नोंदी, फोंडा

२८ मार्च, शुक्रवार

फोंड्याहून पणजी, तिथे बस बदलून म्हापसा. शुक्रवारचा बाजार भरलेला, त्यामुळे स्टँडवरून गल्लीपर्यंत पोचायलाच वीस मिनिटं गेली. काम बाजाराच्या मागे होतं, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे. दुकानात आता मिक्सर आणि टेबलफॅनच जास्त दिसतात, पण वरच्या फळीवर मेलेल्या ट्रान्झिस्टर रेडिओंची चळत अजून आहे.

भाचा मडगावला एका बँडमध्ये गिटार वाजवतो. त्याला जुन्या धाटणीचं फझ पेडल हवंय, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम जाड आणि फाटका करणारा, पायाने दाबायचा डबा. विकत घ्यायचं तर त्याच्या दोन-तीन कार्यक्रमांची बिदागी जाते, म्हणून, "मामा, तू करून देशील?" मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करतो, सोल्डरिंग येतं. हो म्हणालो. सर्किट ठरलेलं आहे: १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेला फझ फेस. माइकच्या स्टँडच्या बुडासारखा गोल डबा आणि आत मोजून ११ भाग: २ ट्रान्झिस्टर, ४ रेझिस्टर, ३ कंडेन्सर, २ पॉट (बटणाने फिरवायचे रेझिस्टर). मनात म्हटलं, दोन रविवारचं काम.

काकांनी चार रेडिओंचे बोर्ड काढून दिले, ४५० रुपये. आउटपुटला एसी १२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या जोड्या, काहींवर बीईएलची छाप. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ पासून जर्मेनियमचे भाग बनवले, तो हा माल. निघताना काका म्हणाले, "मातशें राव. गेन नंतर बघ, आधी गळती बघ." (जरा थांब. गेन म्हणजे ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो ते, गळती म्हणजे बंद असतानाही त्यातून झिरपणारा करंट.) मी मान डोलावली आणि बसमध्ये बसेपर्यंत विसरलो. पुढच्या सगळ्या नोंदी या एका वाक्याचा दंड आहेत.

३० मार्च

दिवसभर भाग उतरवले. जुन्या तपकिरी बोर्डांवर सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवलं की तांब्याची पट्टीच उखडून येते. बोर्ड टाकायचेच आहेत म्हणून मी बेफिकीर होतो, पण पट्टीसकट आलेल्या ट्रान्झिस्टरचा पाय ओढाताणीत तुटतो हे एक तुटल्यावर कळलं. उरले सात. पद्धत अशी बसली: आधी जुन्या कथिलावर थोडं नवं कथील सोडायचं, ते एकजीव झालं की पंपाने ओढायचं, आणि पाय व डबी यांच्यामध्ये मगरचिमटा लावून ठेवायचा, म्हणजे उष्णता चिमटा खातो. जर्मेनियम सिलिकॉनइतकं तापवून घेत नाही.

पाय काळे पडलेले. ब्लेडने खरवडल्याशिवाय कथील धरत नाही. ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी लाल ठिपका असलेला कलेक्टर, मधला बेस, तिसरा एमिटर.

बोर्डावर एएफ ११७ सुद्धा होते, चार पायांचे. ते ठेवू नका. त्यांच्या डबीत आतून कथिलाचे केसासारखे धागे वाढतात आणि एक दिवस पायांना चिकटतात. माझ्याकडच्या दोनपैकी एकाचे तीन पाय डबीला शॉर्ट निघाले.

२ एप्रिल

सातही ट्रान्झिस्टर मल्टिमीटरच्या गेन मोजायच्या (एचएफई) भोकात घालून पाहिले. सर्किटातल्या पहिल्याला ७० ते ८० आणि दुसऱ्याला ११० ते १३० गेन असावा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. नंबर ६ ने ७५ दाखवलं, नंबर ४ ने १४५. झाली जोडी! ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या बोर्डावर) लावली, भाच्याची जुनी गिटार जोडली.

सूर सुरू होतो आणि पालीने शेपटी टाकावी तसा मध्येच तुटतो. हळू छेडलं तर काहीच ऐकू येत नाही, जोरात छेडलं तर फाटका थुंकल्यासारखा आवाज.

२ ते १० एप्रिल

या नऊ दिवसांचं मला स्वतःलाच वाईट वाटतं. तिन्ही कंडेन्सर बदलले. ब्रेडबोर्ड बदलला. गिटारची केबल उघडून पुन्हा सोल्डर केली. २२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर उलटा लागलाय हे एका रात्री दिसलं (एनपीएन ट्रान्झिस्टरचा नकाशा बघून पीएनपीचं सर्किट लावत होतो, एसी १२८ हे पीएनपी, म्हणजे एनपीएनच्या उलट्या ध्रुवांचे, त्यामुळे इथे कंडेन्सरचं प्लस टोक अर्थला जातं), तेव्हा आनंदाने उडी मारली. तो सरळ केला. अर्ध्या व्होल्टाच्या आतबाहेरचा मामला, फुटलं काही नव्हतं आणि सुधारलंही काही नाही.

या नऊ दिवसांत एकदाही दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर मीटर लावला नाही. लावला असता तर एका मिनिटात कळलं असतं. शेवटी दहाव्या तारखेला लावला: उणे ६.९ व्होल्ट. असायला हवेत उणे साडेचारच्या आसपास.

११ एप्रिल

काकांना फोन. ते हसले आणि परत तेच म्हणाले.

आज गळती मोजायची पाटी केली. ही पद्धत आर. जी. कीन या अमेरिकन इंजिनियरची, फझवाल्यांमध्ये जगभर चालते. नऊ व्होल्टचा सेल, एमिटर प्लसला, कलेक्टर २.४७ के (किलो-ओहम) च्या रेझिस्टरमधून मायनसला. हा आकडा बाजारात मिळत नाही, मी २.२ के आणि २७० ओहम एकापुढे एक जोडले. बेस मोकळा ठेवून त्या रेझिस्टरच्या दोन टोकांमधले व्होल्ट बघायचे: ही गळती. मग २.२ मेगओहमचा रेझिस्टर बेसपासून मायनसला लावायचा आणि परत बघायचं. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करून शंभराने गुणलं की खरा गेन.

खोलीत ३३ अंश होते. प्रयोगशाळेतला थर्मामीटर घरी आणला होता, सोमवारी परत ठेवायचाय.

नंबर १: गळती ०.३१ व्होल्ट, खरा गेन ८६.
नंबर २: ०.२२, गेन ७४.
नंबर ३: १.९०. पुढे बघितलंच नाही. मल्टिमीटर याला १८० च्या वर गेन दाखवत होता.
नंबर ४: ०.५८, गेन १२२.
नंबर ५: आतून शॉर्ट.
नंबर ६: ०.४७, गेन ५६. माझा लाडका ७५ वाला.
नंबर ७: ०.७४, गेन १३८.

म्हणजे मल्टिमीटर गळतीलाही गेन समजून त्यात मिळवत होता. नंबर ६ च्या पंचाहत्तरमधले जवळजवळ वीस निव्वळ गळतीचे. आणि गळती पहिल्या ट्रान्झिस्टरमध्ये असली की सर्वात वाईट: तिथे कलेक्टरमधून सगळा मिळून पाव मिलिअँपच्या आसपास करंट जातो, त्यातला १९० मायक्रोअँप गळतीनेच खाल्ला तर ट्रान्झिस्टरच्या हातात काय उरणार?

एक गंमत. नंबर २ बोटांत धरून पाटीत खोचला तेव्हा मीटरवर ०.३४ होतं आणि आकडा माझ्या डोळ्यांदेखत उतरत ०.२२ वर आला. अंगाची ऊब. तेव्हापासून प्लास्टिकचा चिमटा वापरतो आणि खोचल्यावर दोन मिनिटं थांबून मगच आकडा लिहितो. आधीचे चार आकडे खोडून परत मोजावे लागले.

१६ एप्रिल

नंबर २ पहिला, नंबर ४ दुसरा. कलेक्टरवर उणे ५.९. नकाशातल्या ८.२ के च्या जागी २० के चा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) लावून फिरवत गेलो, १२ के ला उणे ४.५ आले.

आता आवाज आला. कसा सांगू? उसाच्या चरकातून रस यावा तसा: सलग, जाड, कडेला जरा खरखरीत. आणि गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली केला की घाण निघून जाते, काचेसारखा स्वच्छ सूर उरतो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे आधीपेक्षा बरं आहे की वाईट?" बरं आहे म्हटलं. "मग दार लाव."

१९ एप्रिल

जोडीला राखीव असावेत म्हणून पाच एसी १२८ कुरिअरने मागवले होते, ७५० रुपये. आज आले. चकचकीत, पाय सोन्यासारखे, गळती सगळ्यांची ०.००. इतकं चांगलं बघूनच शंका आली. मल्टिमीटर डायोडवर ठेवून बेस-एमिटर तपासला: ०.६५. जर्मेनियम असता तर ०.१५ ते ०.२५ दाखवलं असतं. सिलिकॉनवर एसी १२८ छापून विकलेले. विकणारा फोन उचलत नाही. पैसे गेले. तुम्ही मागवलेत तर पाकीट उघडल्याउघडल्या डायोड टेस्ट करा आणि उघडतानाचा व्हिडिओ घ्या.

२२ एप्रिल

व्हेरोबोर्डवर (भोकांच्या, तांब्याच्या पट्ट्या असलेल्या बोर्डावर) चढवलं. ट्रान्झिस्टरसाठी आयसीच्या सॉकेटची पट्टी कापून तीन-तीन भोकांचे सॉकेट केले, म्हणजे आयर्नची धग लागायला नको. फार हुशारी केल्यासारखं वाटलं. (१३ जुलैची नोंद बघा.)

२३ एप्रिल

फोंड्याच्या दुकानात ५०० के चा पॉट लॉगमध्ये (कानाला सारखा वाढत जाणारा) मागितला, लिनियर (आकड्याने सारखा वाढत जाणारा) मिळाला. व्हॉल्यूम पहिल्या पाव फेरीतच सगळा येऊन संपतो. पॉट अर्ध्यावर ठेवून मोजा: २५० के आलं तर लिनियर, ५० ते ७५ के आलं तर लॉग. दुकानातच मोजा, घरी येऊन नको.

२७ एप्रिल

डबा. जुना फझ गोल असतो म्हणून मलाही गोल हवा होता. घरात स्टीलचा पोहे ठेवायचा डबा, सात इंची, झाकण घट्ट. विचारून घेतला. (विचारलं ते भोक पाडल्यावर.)

स्टेनलेस स्टीलला ड्रिल लावायचं तर जपून. मी नेहमीच्या वेगाने लावलं: बिट घसरलं, एक ओरखडा कडेपर्यंत गेला, मग एका जागी घुसलं आणि जोर कमी पडला तसं नुसतं घासत राहिलं. घासलं की स्टील तिथे आणखी कडक होतं. तीन मिनिटांत बिटाचं टोक निळं पडलं. मग सेंटर पंचने खड्डा पाडला, ड्रिल अगदी हळू फिरवलं, जोर ठेवला आणि खोबरेल तेल सोडत राहिलो. दोन मिनिटांत आरपार. पायाच्या स्विचचं १२ मिलिमीटरचं भोक स्टेप बिटने, तेही तेल घालून. स्टेप बिट ३२० रुपये, पुढेही कामी येईल.

खोलीभर तळणाचा वास.

२९ एप्रिल

डबा बाद. पत्रा पातळ. स्विचवर पाय दिला की झाकणाचा पत्रा आत दबतो, स्विचचे नऊ पाय खालच्या बोर्डाला टेकतात आणि सगळं शॉर्ट. आतून प्लायवूडची चकती लावून पाहिली, मग बोर्ड मावेना. मुंबईहून ओतीव ॲल्युमिनियमचा चौकोनी डबा मागवला, कुरिअर धरून ५१०. गोलपणाची हौस फिटली. चार भोकांचा डबा आता माळ्यावर स्क्रू ठेवायला आहे.

३ मे

डबा यायचा आहे, तोवर बोर्ड उघडाच टेबलावर, लांब केबल लावून वाजवत होतो. फझचं बटण पूर्ण उघडलं, गिटार शांत, आणि स्पीकरमधून कोकणी बातम्या. अगदी स्पष्ट, मधून मधून खरखर. आई शेजारच्या खोलीतून म्हणाली, "रेडिओ दुरुस्त झाला वाटतं!" तिच्या दृष्टीने गेला महिनाभर मी तेच करत होतो.

लांब केबल एरियलचं काम करते आणि पहिला ट्रान्झिस्टर डिटेक्टरचं. इनपुटपाशी, बेसपासून अर्थला, १०० पिकोफॅरडचा चकती कंडेन्सर लावला. बातम्या गेल्या, आवाजाची धार कानाला कळेल इतकी कमी झाली नाही. धातूचा डबा अर्थला जोडला की उरलीसुरली कुजबुजही जाईल.

७ मे

डबा आला. भोकं पाडायला अर्धा तास, स्टीलला लागले होते दोन दिवस. बाहेरून काळा स्प्रे मारला, १८० रुपये. छान दिसतो. हा निर्णयही लक्षात ठेवा.

एलईडी लावला होता, काढला. पूर्ण सर्किट ०.६ मिलिअँपच्या आसपास खातं आणि ४.७ के लावलेला तो दिवा एकटा दीड. मालकापेक्षा गडी जास्त जेवतो! जुन्या फझमध्ये दिवा नव्हताच. दिव्याशिवाय साधा झिंक-कार्बन सेल महिनोन्महिने पुरेल, मात्र वाजवून झालं की इनपुटची पिन काढून ठेवायची. इनपुट जॅक स्टीरिओ घेतलाय, पिन काढली की सेल तुटतो.

८ मे

मडगावला भाच्याच्या सरावाच्या खोलीत नेलं. त्याची चार पेडलं एका अडॅप्टरवर माळेसारखी जोडलेली. मीही पेडलाला अडॅप्टरचं सॉकेट ठेवलं होतं. तो म्हणाला, "लावू?" मी म्हटलं, "लाव."

वास आला. आधी वास, मग चारही दिवे गेले.

दोष सर्वस्वी माझा. पीएनपी ट्रान्झिस्टरांमुळे या पेडलात प्लस अर्थला आहे. म्हणजे डबा आणि केबलची जाळी प्लसला. बाकी चार पेडलांची जाळी मायनसला. गिटारच्या केबलने दोन्ही जाळ्या एकत्र आल्या आणि अडॅप्टरचा प्लस त्याच्याच मायनसला भेटला. अडॅप्टर ८५० चा, भरून दिला. बाकीची पेडलं वाचली.

घरी येऊन सॉकेट उपटलं, भोकात रबरी बूच बसवलं. सेलवरच चालेल. ज्यांना अडॅप्टरच हवा त्यांनी व्होल्टेज उलटवणारी आयसी घालावी किंवा स्वतंत्र अडॅप्टर ठेवावा. मला आणखी एक गोष्ट जाळायची नाही.

९ मे

फोनवर भाचा: "मामा, आवाज तुझ्या घरी होता तसा नाही, टोचतो. गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तरी साफ होत नाही." अर्ध्या तासाच्या चौकशीअंती: त्याने फझ ट्यूनरच्या नंतर लावला होता, आणि ट्यूनरमध्ये बफर, म्हणजे गिटारला पुढच्या सर्किटपासून वेगळं पाडणारा भाग. या सर्किटला समोर गिटारची कॉइल थेट लागते, दोघं मिळून आवाज बनवतात. गिटारनंतर पहिला फझ, मग बाकीची वरात. बदललं, मिटलं.

११ मे

मोरजीच्या किनाऱ्यावर एका शॅकमध्ये बँडचा कार्यक्रम होता. मीही गेलो, पेडल पहिल्यांदा माणसांसमोर वाजणार म्हणून. चार वाजता साउंड चेक. पेडल स्टेजच्या कडेला, पश्चिमेच्या उन्हात, पाऊण तास. काळा डबा.

भाच्याने स्विच दाबला आणि मला दोन एप्रिल आठवला. तीच पाल, तीच शेपटी. पाच मिनिटांनी तेही बंद, पूर्ण शांत. डब्याला हात लावला तर चटका बसला. बारमागे नेऊन बर्फाच्या पेटीच्या झाकणावर रुमाल टाकून ठेवलं. (बर्फावर थेट नको, आत घाम धरेल.) वीस मिनिटांनी जसंच्या तसं वाजायला लागलं. बँडमधला ड्रमर मला देव समजायला लागला. मी काही बोललो नाही.

१२ मे

घरी तोच प्रयोग. डबा गच्चीत उन्हात, आत थर्मामीटर, तारा बाहेर काढून मीटर. ३३ अंशांना उणे ४.५. ४० ला उणे ६ च्या जरा पुढे. ४७ अंशांना उणे ७.८, आवाज जवळपास मेलेला. दर आठ-दहा अंशांना जर्मेनियमची गळती दुप्पट होते. पुस्तकातलं हे वाक्य मी शाळेच्या मुलांसमोर कितीदा ऐकलंय, पण मोरजीच्या स्टेजवर ते असं भेटेल असं वाटलं नव्हतं.

नंबर २ च्या जागी नंबर १ घातला असता तर? घालून पाहिला. ३८ अंशांनाच शेपटी तुटायला लागली. गेन ७४ की ८६ याने कानाला काडीचा फरक पडला नाही, ०.२२ की ०.३१ याने पेडल जगतं की मरतं ते ठरलं. काकांना फोन करून सांगायचं धाडस झालं नाही.

काळा रंग पॉलिश पेपरने घासून काढला. आता नुसतं ॲल्युमिनियम. तीन तास.

१५ जून

पाऊस सुरू होऊन आठवडा झाला. खोलीत २६ अंश. पेडल लावलं तर आवाज गुबगुबीत, दमट, वरचे सूर कापसात गुंडाळल्यासारखे. कलेक्टरवर उणे ३.७. आता उलट्या बाजूला घसरलंय. गळती कमी झाली, करंट वाढला, मी उन्हाळ्यात ठरवलेले १२ के आता जास्त पडतात. पाटीवर नंबर २ ची गळती आज ०.१३.

डबा उघडून प्रीसेट १० के ला आणला, बरोबर झालं. पण दर ऋतूला भाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन डबा उघडणार का?

भाच्याच्या मित्राचं मत: सिलिकॉन घाला, मोकळे व्हा. खरं आहे, आर्बिटरनेही पुढे बीसी १०८ सारखे सिलिकॉन घातले आणि त्यांना उन्हाचं काही वाटत नाही. पण आवाज जास्त कडक, आणि गिटारच्या व्हॉल्यूमला असा वितळत नाही. माझ्याकडे पाच नकली पडलेच आहेत, तो कधी आला तर त्याला त्यांचं करून देईन.

२२ जून

प्रीसेट काढला. त्याच्या जागी ६.८ के चा पक्का रेझिस्टर आणि त्याच्यापुढे १० के चा पॉट, बाहेरून फिरवता येईल असा. म्हणजे ६.८ पासून १६.८ पर्यंत कुठेही. रबरी बुचाचं भोक वाया गेलं नाही, जरा मोठं करून पॉट तिथेच बसला. हे लोक करतात हे मी मार्चमध्येच वाचलं होतं, पण 'मूळ पेडलात दोनच बटणं असतात' या सोवळ्यापायी केलं नाही.

गच्चीत ऊन नव्हतं, म्हणून डबा इस्त्रीजवळ ठेवून हळूहळू तापवला आणि प्रत्येक पाच अंशांना उणे ४.५ कुठे येतात ते बघून बटणाभोवती पेन्सिलने खुणा केल्या. शेवटी दोनच खुणा कायम केल्या, तीक्ष्ण खिळ्याने कोरून: डावीकडे 'पाऊस', उजवीकडे 'ऊन'. ४० अंशांच्या वर मात्र बटण संपतं. तिथे सावली शोधायची.

१३ जुलै

खरखर. बटण फिरवताना नाही, आपोआप, आणि डब्यावर टिचकी मारली की थांबते. आठवडाभर पॉटवर संशय. खरा चोर सॉकेट. तीन महिन्यांत या खाऱ्या, ओल्या हवेत सॉकेटच्या पाकळ्या आणि ट्रान्झिस्टरचे जुने पाय यांच्यामध्ये काळसर थर आला. खरवडून बसवले, तीन दिवस चांगले गेले, परत खरखर.

सॉकेट कापून टाकले. पायांवर नळी चढवली, मगरचिमटा लावला, आयर्न दोन सेकंद, मग पूर्ण थंड होऊ दिलं आणि पुढचा पाय. सहा पायांना पाऊण तास घेतला. नंतर परत गळती मोजायला बेस मोकळा करता येत नाही, म्हणून कलेक्टर मोजला: खुणेवर ठेवून उणे ४.४. जगले दोघेही.

डब्यात सिलिका जेलची पुडी टाकली, बुटांच्या खोक्यातली.

२० जुलै

हिशेब विचारणारे बरेच आहेत म्हणून एकदाच लिहितो. रेडिओ बोर्ड ४५०, नकली ट्रान्झिस्टर ७५०, रेझिस्टर-कंडेन्सर ११०, व्हेरोबोर्ड ४०, प्रीसेट आणि पॉट (चुकीच्यासकट) १९०, पायाचा स्विच १३०, जॅक ८०, बटणं ६०, स्टेप बिट ३२०, डबा ५१०, रंग १८०, सेल ९०, अडॅप्टर ८५०. एकूण ३,७६०. त्यात नकली, अडॅप्टर आणि घासून काढलेला रंग मिळून १,७८० नुसते पाण्यात. बसभाडं धरलेलं नाही, पोह्यांच्या डब्याचा हिशेब घरात वेगळा चालू आहे.

वेळ: दोन रविवार धरले होते, सोळा आठवडे लागले.

म्हापशाला जाऊन काकांना पेडल दाखवलं. त्यांना गिटारशी देणंघेणं नाही. डबा उघडून त्यांनी आधी कथिलाचे टाके बघितले, मग कोरलेल्या खुणा वाचल्या आणि विचारलं, "ह्याचा खालचा ट्रान्झिस्टर माझ्या कुठल्या रेडिओतला?" मला आठवेना. त्यांनी बीईएलची छाप बघून सांगितलं.

२६ जुलै

काल रात्री साडेआठला भाच्याचा फोन, मागे माणसांचा गलका. पणजीत हॉटेलच्या बंद हॉलमध्ये कार्यक्रम, एसी जोरात.

"मामा, इथे थंडी वाजतेय. पाऊस की ऊन?"

"पावसाच्या जरा डावीकडे," म्हटलं.